पाडव्यानंतर गुरुबळ नाही

१ जानेवारी, सकाळी ७.१०
नवी डायरी. पतसंस्थेनं दिलेली. मागं छापलेलं पंचांग अण्णांनी लगेच फाडून घेतलं. ही डायरी फक्त माझ्यासाठी, त्यामुळे खरं तेच लिहायचं.
संकल्प: पहाटे पाचला उठणे (उद्यापासून, आज सात वाजून गेलेत). दुसरा चहा बंद. पासपोर्टचा फॉर्म भरणे. जूनमध्ये नैरोबीला 'धर्म आणि मुलींचं शिक्षण' अशी कॉन्फरन्स आहे. माझ्या सामाजिक संस्थेतून एकालाच पाठवणार आहेत. माझ्याशिवाय आहे कोण?

३ जानेवारी
नैरोबीत स्वतःची ओळख करून द्यावी लागेल. प्रॅक्टिस म्हणून इथं लिहितो. मी नचिकेत. वय ३६. राहणार कळमनुरी. जिल्हा समन्वयक. वडील व्यंकटराव गुरुजी, म्हणजे अण्णा, पंचक्रोशीतले मुहूर्त तेच काढतात. माझं काम असं: पुजारी, कीर्तनकार, मौलाना यांच्या तोंडून गावाला सांगायचं, की पोरीचं लग्न अठराच्या आत करू नका, तिला शिकू द्या. माणूस कायद्याला घाबरत नाही, देवाला घाबरतो. ही थिअरी माझी स्वतःची आहे. फंडिंग परदेशातलं आहे.
आज सात वाजता उठलो. थंडी.

११ जानेवारी
शपथविधी दणक्यात. कुरुंद्याजवळच्या आपल्या प्रोजेक्ट गावात, मंदिराच्या सभामंडपात. एक्केचाळीस धर्मप्रमुख आले. शपथ साधी दिली नाही. हातात पाणी आणि सुपारी देऊन संकल्प सोडायला लावला. मौलाना म्हणाले, मी नुसतं मनात म्हणतो. चालेल म्हटलं. माझा आवाज आज लागला होता.
शपथ अशी: वयाचा दाखला पाहिल्याशिवाय मी मुहूर्त काढणार नाही, लग्न लावणार नाही.
चाळीस जणांनी फटाफट सह्या केल्या. अण्णांनी चष्मा लावून अख्खा फॉर्म वाचला. पाऊण तास. दोनदा विचारलं, "हे खरंच पाळायचंय ना?" म्हातारपण, दुसरं काय.
उपस्थिती: महिला ६०. पैकी बत्तीस पायरीखाली चपलांजवळ बसल्या. किशोरी मंडळाच्या चार मुली आल्याच नाहीत. पाळी होती, मंदिरात कसं यायचं. रिपोर्टमध्ये 'महिला ६४ (अपेक्षित)' असं लिहिलंय.

१४ जानेवारी
किशोरी मंडळाचं सेशन, त्याच गावच्या शाळेत. विषय: निर्णय. कुठल्याही मुलीला काही विचारा, उत्तर एकच, "वडिलांना विचारून सांगते." आज जाहीर केलं, हे वाक्य मी या जिल्ह्यातून बंद करणार. ज्याचं उत्तर त्यानं स्वतः द्यायचं. टाळ्या. पुनम नावाची दहावीतली मुलगी उठून म्हणाली, "सर, मग मी सांगू? मला बारावी सायन्स करायचंय." छान बोलते. महिला दिनाला परदेशातून फंडिंगवाल्या हेलेना मॅडम येणार आहेत, तेव्हा स्टेजवर हिलाच उभं करायचं.
घरी बायकोला, देवश्रीला, घरकामाच्या समान वाटणीवरचं माझं नवीन सेशन वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती, त्यामुळे तिचं पूर्ण लक्ष नव्हतं.

२२ जानेवारी
पुनम शाळेच्या गेटपाशी थांबली होती. म्हणाली, "सर, मला पाहून गेलेत. आबा मे महिन्यात उरकू म्हनून राहिलेत. मला सोळावं चालू हाय. तुमी सांगा की आबाला. तुमचं ऐकतेत ते."
माझं का ऐकतील, असं विचारलं. मला वाटलं, सेशनचा इम्पॅक्ट. म्हणाली, "तुमी व्यंकटराव गुरुजीचे पोरगं ना."
थोडं लागलं. पण शब्द दिला. काळजी करू नको म्हणालो, हे लग्न होणार नाही. डायरीतही लिहून ठेवतो: होणार नाही.

२३ जानेवारी
बॅनरवर आपणच हेल्पलाइन छापलीय, १०९८. फोन करावा का? विचार केला. फोन केला की ग्रामसेवक येणार, पोलीस येणार, गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. शिवाय रजिस्टरला प्रोजेक्ट गावात बालविवाहाची केस लागणार. मॅडम यायच्या तोंडावर. नाही. बदल आतून घडला पाहिजे.

२ फेब्रुवारी
आयडिया सुचली!! अण्णांना सांगितलं, तातेराव (पुनमचे वडील) पत्रिका घेऊन आले की सांगा, मुलीला गुरुबळ नाही, दोन वर्षं लग्न करू नका. एक वाक्य आणि पोरगी वाचते.
अण्णा म्हणाले, "पंचांगात जे नाही ते मी सांगत नसतो. वयाचं सांगीन. वय खरं आहे."
ही पिढी लवचीक नाही. लहानपणी अण्णांच्या मागे फिरून पत्रिका मलाही कळते. मीच करतो.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी ६
आजचा दिवस जपून ठेवण्यासारखा.
तातेरावांच्या शेतात गेलो. हळद शिजवणं चालू होतं. कढईची वाफ, सगळं पिवळं, माझा पांढरा शर्ट गेला. पत्रिका मागितली. आशाबाईंनी, म्हणजे पुनमच्या आईनं, ट्रंकेतून काढून आणली. मी भुवया आवळल्या. बोटं मोजली. थोडं थांबलो (हा पॉझ मी ट्रेनिंगमध्ये शिकवतो). मग म्हणालो, पाडव्यानंतर दोन वर्षं या मुलीला गुरुबळ नाही. त्या दोन वर्षांत लग्न केलं तर नवऱ्याच्या जिवाला धोका. लग्नाचं नाव काढू नका.
आशाबाई मटकन खाली बसल्या. तातेरावांनी कढईखालचं लाकूड मागं ओढलं. मग हात जोडले. म्हणाले, "लई बरं झालं गुरुजी, वक्तावर सांगितलं तुमी." डोळ्यांत पाणी होतं माणसाच्या. ओल्या हळदीची पिशवी दिली.
पुनम लांब उभी होती. मी तिला अंगठा दाखवला. ती हसली.
दोन वर्षं. एका वाक्यात. कायदा नाही, पोलीस नाही.

१२ फेब्रुवारी
केस स्टडी पाठवली. नाव बदलून मुलीला 'आशा' केलं. मग कळलं ते आईचंच नाव आहे. असू दे. शीर्षक: 'श्रद्धेतून शिक्षणाकडे: एक विवाह दोन वर्षे पुढे'. हेलेना मॅडमचं दोन ओळींचं उत्तर आलं. त्यात 'ब्रिलियंट' दोनदा. संस्थेच्या डायरेक्टर मॅडमनी सगळ्यांना फॉरवर्ड केलं.
आनंदात दुसरा चहा घेतला. तिसराही.

२० फेब्रुवारी
दहावीचा पहिला पेपर. पुनमला आशीर्वाद द्यायला जायचं होतं, पण फ्लेक्सच्या प्रूफमध्ये माझा फोटो कडेला कापला गेला होता.

२५ फेब्रुवारी
अनोळखी नंबरवरून तीन मिस्ड कॉल. मी झूमवर होतो. मंडपाचा रंग: जांभळा की पिवळा. उलट फोन केला तर कुणीतरी बाई म्हणाली, "पुनम आली होती फोन लावायला, आता गेली." काम असेल तर परत करेल.

२७ फेब्रुवारी
जेवताना अण्णा म्हणाले, "तातेराव येऊन गेले. सहा मार्चचा मुहूर्त मागत होते."
कशाचा, असं मी विचारलं.
पुनमच्या लग्नाचा. अण्णांनी वयाचा दाखला मागितला. तातेराव म्हणाले, दाखला काहून? अण्णा म्हणाले, मी सही केलीय. आणि परत पाठवलं. जाताना तातेराव म्हणाले, "आमी मे मधीच करनार होतो गुरुजी. पन तुमच्याच नचिकेतनं सांगितलं, पाडव्यानंतर दोन वर्षं गुरुबळ न्हाई. दोन वर्षं पोरगी घरात ठेवून कसं जमल? पाहुणे थांबतेत का? म्हून पाडव्याच्या आतच उरकून घेऊ."
पाडवा एकोणीस मार्चला.
अण्णांनी पुढची पोळी घेतली नाही. म्हणाले, "पन्नास वर्षांत मी पंचांगावर खोटं बोललो नाही." मग म्हणाले, "आता काय करणार आहेस?"
मी बघतो, म्हणालो. अण्णांनी मान हलवली. हे माझं ऑफिसचं काम आहे, मी बघणारच, असं त्यांना वाटलं असावं.

२८ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. माझी चूक नाही. मेसेज बरोबर होता, कम्युनिटीनं त्याचा अर्थ उलट लावला. याला 'अनपेक्षित परिणाम' म्हणतात, मॅन्युअलमध्ये त्यावर अख्खं पान आहे.
अण्णांनी नकार दिला म्हणजे मुहूर्त नाही. मुहूर्त नाही म्हणजे लग्न नाही. प्रश्न मिटला.

२ मार्च
वारंगा फाट्यावरच्या एका भटजींनी सहा तारखेचाच काढीव मुहूर्त दिला म्हणे. यांचीही सही आहे आपल्याकडे, नंबर सतरा.
१०९८ दाबला. रिंग जायच्या आत कट केला. मॅडम परवा मुंबईत उतरताहेत, मग तिथून इकडे. आठ तारखेचा कार्यक्रम झाला की नऊला सकाळी पहिला फोन हाच.
सहा तारीख आठच्या आधी येते हे मला कळतं. पण गावाकडच्या तारखा पुढे-मागे होतातच.

६ मार्च
मंडप जांभळा. खुर्च्या २००. दिवसभर धावपळ. गाडी कुरुंद्यावरून न्यायची होती, ड्रायव्हरला दुसरा रस्ता सांगितला. तो रस्ता चांगला आहे.

७ मार्च
सकाळी अण्णांनी देवश्रीसमोर विचारलं, "त्या पोरीचं काय केलंस?" मी फ्लेक्सच्या दोऱ्या मोजत होतो. देवश्री म्हणाली, कोणती पोरगी? अण्णांनी सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, फोन उचलला आणि आमच्याच बॅनरवर बघून नंबर लावला. एक मिनिट लागलं. मोजलं मी.
दुपारी ग्रामसेवकांचा फोन आला. लग्न काल संध्याकाळी लागलं, मुलाच्या गावी, कळमनुरीच्या अलीकडे. पुनमनं तीन पेपर दिलेत, बाकीचे राहिले. ते म्हणाले, आशाबाई रडून सांगताहेत, "आमी मनानं न्हाई केलं साहेब, नचिकेत गुरुजीच्या शब्दानं केलं."
देवश्रीनं पोळ्या केल्या. माझं ताट वाढलं नाही.

८ मार्च, रविवार
कार्यक्रम यशस्वी. पुनमचं भाषण दुसऱ्या मुलीनं वाचलं. 'मी शिकणार, मला कुणी थांबवू शकत नाही' या वाक्याला मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, ती केस स्टडीतली मुलगी कुठं आहे? मी म्हणालो, तिची परीक्षा चालू आहे. हे खोटं नाही. परीक्षा चालूच आहे.

९ मार्च
फोन करायचा होता तो दिवस. आता कुणाला करू?

१९ मार्च, पाडवा
केस स्टडीत दुरुस्ती करणारा ईमेल लिहिला. 'सदर विवाह' एवढं लिहून थांबलो. ड्राफ्ट सेव्ह आहे.

३० एप्रिल
पासपोर्ट आला. नैरोबीला डायरेक्टर मॅडम जाणार. माझीच केस स्टडी मांडणार आहेत. तिथल्या हॉलमध्ये पुनमचं लग्न अजून झालेलं नसेल. ड्राफ्ट उघडून बघितला. तसाच आहे.
अण्णा माझ्याशी जेवणापुरतं बोलतात. आजकाल मुहूर्ताला आलेल्या प्रत्येकाकडे दाखला मागतात. चार यजमान घरं तुटली म्हणे त्यांची. रिपोर्टमध्ये ते दाखले माझ्या नावावर घेतलेत.

२ जून
कळमनुरीचा बाजार. छत्री घ्यायला गेलो होतो.
मागून कुणीतरी म्हणालं, "नमस्कार गुरुजी." पुनम. आधी सर म्हणायची. खांद्याला आमच्याच प्रोजेक्टची स्कूल बॅग, आत कांदे आणि मेथी. सासू पुढे मिरच्यांच्या ढिगापाशी.
मी कशी आहेस विचारलं. ती भरभर बोलली, सासू येईपर्यंत सांगायचं असल्यासारखं. म्हणाली, "राहिलेले पेपर देता येतेत म्हने. फॉर्म भरनं चालू हाय. सासरचे म्हनतेत, तुला गुरुबळ न्हाई, दोन वर्षं काहीच नवं करायचं न्हाई. तुमीच सांगितलेलं ना? मग तुमीच सांगा. लग्नाला गुरुबळ लागतं. पेपर द्यायला लागतं का? तुमी न्हाई म्हनलात तर बसू देतो म्हनले मला."
तेवढ्यात सासू आली. डोक्यावर पदर घेतला, वाकून नमस्कार केला, आणि दोघी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मिरचीवालाही बघत होता.
दोन शब्द होते. लागत नाही. एवढंच. यात खोटंसुद्धा काही नव्हतं.
म्हणालो, वडिलांना विचारून सांगतो.
पुनम बरं म्हणाली, बॅग खांद्यावर नीट घेतली आणि सासूच्या मागे गेली.
छत्री न घेताच आलो. अण्णा बाहेरच्या खोलीत पंचांग घेऊन बसलेत. त्यांना अजून विचारलेलं नाही.