लव्हाळा आहे

१२ ऑक्टोबर
पोहोचले एकदाची! किकवीहून नसरापूर, तिथून एसटीने वेल्हे आणि पुढे दुधाच्या टेम्पोतून घाट. हाडं खिळखिळी झाली, पण धनगरवाडीत उतरले आणि शीण पळाला. आक्काबाईंच्या घरी राहायची सोय आहे. त्यांनी आल्या आल्या नाचणीची भाकरी पुढ्यात ठेवली. त्यांचे यजमान, हैबतीबाबा, दिवसभर शेळ्यांमागे असतात.

काम साधं आहे. वाडीमागच्या देवराईत पाणथळ आहे, तिथे पूर्वी एक रानलव्हाळा उगवायचा. आमच्या दुर्मिळ वनस्पतींच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त'. आता सापडला नाही तर 'नामशेष'. मग पाणथळीला कुणी वाली नाही. चर खणून पाणी काढायचं आणि बंगल्यांचे प्लॉट पाडायचे, हे ठरलेलंच आहे. ऑफिसातला सोमनाथ म्हणाला, हात हलवत परत येशील. बघच, म्हटलं.

१४ ऑक्टोबर
देवराईच्या तोंडाशी एक शेंदरी दगड आहे. रानातून बाहेर पडताना इथली माणसं तिथे थांबतात आणि मोठ्यांदा म्हणतात, "हितं काय बी न्हाई." हैबतीबाबा म्हणतात, शेंबडी पोरंसुद्धा म्हणतात. मला हसूच फुटलं. आक्काबाई म्हणाल्या, तू बी म्हनत जा पोरी. 'हाय' म्हनलं की रानाला ऐकू जातं, मग रान मानूस ठिवून घेतं. मी विचारलं, उद्या प्लॉटवालेही हेच म्हणतील, तेव्हा काय कराल? त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली.

१७ ऑक्टोबर
सापडला! गुडघाभर चिखलात, जांभळाच्या सावलीत, तीन जुड्या. दांडा बोटांत धरून फिरवला. गवताचा दांडा गोल लागतो, असल्या लव्हाळ्याच्या तीन कडा बोटांना लागतात. लागल्या! दगडापाशी येऊन मुद्दाम घसा ताणून ओरडले, "आहे! इथं लव्हाळा आहे!"

पाखरं एकदम गप्प झाली. हैबतीबाबांनी शेळ्या माघारी वळवल्या. जेवताना आक्काबाई माझ्यापासून लांब बसल्या.

१८ ऑक्टोबर
टेकाडावर मोबाईलला रेंज आली. फोटो पाठवले. सोमनाथ स्वतः येऊन खात्री करणार, तेव्हाच यादीत नोंद होणार. तोवर मी इथून हलत नाही.

१९ ऑक्टोबर
उजवी करंगळी गार पडलीय. सहज डाव्या हाताच्या बोटांत धरून फिरवली. तीन कडा.

आक्काबाईंना दाखवली. त्यांनी तेव्हा सांगितलं. माझ्याआधी एक साहेब आला होता, 'हाय' म्हणाला आणि परत गेलाच नाही. मधली जुडी त्याची. अजून वेळ आहे म्हणाल्या. दगडापाशी जा, 'न्हाई' म्हन, तसंच लिवून धाड, सोडंल तुला.

भीती वाटते. खोटं कशाला बोलू? पण 'नाही' लिहिलं की चर खणतील. तसं लिहिणार नाही.

२१ ऑक्टोबर
आता चारही बोटं. भूक नाही, नुसतं पाणी हवं वाटतं. आक्काबाई रडत रडत मला दगडाकडे ओढत होत्या. गेले. आणि पुन्हा म्हटलं — आहे!

संताप होतोय. अरे, तुझ्यासाठीच भांडतेय आणि मलाच गिळतोस? गीळ. तरी तुला वाचवणारच.

२३ ऑक्टोबर
डाव्या हाताने लिहितेय. पाणथळीत आले. बाहेर कातडी कोरडी पडून चिरत होती — इथे बरं वाटतं. पाय आता उचलत नाहीत —

२४ ऑक्टोबर
सोमनाथ आलाय. दगडापाशी आक्काबाई त्याला सांगतायत — हितं काय बी न्हाई, कुनी बी न्हाई, माघारी जा. त्याला वाचवतायत.

हाक मारली. आवाज नाही, नुसती सळसळ — तो परत फिरला तर नामशेष —

नाही फिरला. चिखलात उतरला. जुड्या मोजल्या — चार. माझ्यापाशी वाकला. माझी करंगळी बोटांत धरून फिरवली. हसला.

"आहे!" म्हणाला. मोठ्यांदा.

जिंकले! सोमनाथ, जिंकले मी —

नमुन्यासाठी कात्री काढतोय — माझं बोट, अरे —

काप. काप लेका. पण लिही — आ