माठाचं पोट

प्रिय पुनम,

होळीला तुझा फोन घरी काढून घेतला, तेव्हापासून आपल्याला कागदच उरलाय. हा चंद्रपूरला परतणाऱ्या तुझ्या मैत्रिणीच्या, स्वातीच्या हातून पाठवतोय, तिच्यावर ओरडू नको. आधी सांगून टाकतो, मी तुमच्या गावात आहे, तुमच्याच घरी. आज नववा दिवस.

आलो तो भांडायलाच. मूलच्या स्टँडवर बस बदलताना वाक्यंसुद्धा तयार केली होती. 'तुमची पोरगी देत नसाल तर घेऊन जातो', असली. अंगणात शिरलो तर तुझे बाबा चाकावर. म्हटलं, मी आदेश. त्यांनी मानही वर केली नाही. "हातात माती हाये माह्या. बस तिथी." आणि मी बसलो, पुनम! प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटून कॉलेज सोडलेला मी, त्या एका वाक्यावर मुकाट बसलो.

तू हे लहानपणापासून पाहिलंयस, म्हणून तुला नवल नसेल. बाबांनी काठीनं चाक गरगरवलं, काठी बाजूला ठेवली आणि गोळ्यात अंगठे घातले. जोर कुठेच दिसत नव्हता, तरी माती वर चढत होती. गळा आला, ओल्या फडक्यानं काठ वळला, दोऱ्यानं कापून उचलला. मला वाटलं, झाला माठ. बाबा हसले. "हे त नुसतं तोंड झालं. पोट व्हायचंच हाये अजून."

मग कळलं, ते जाड, बसकं भांडं सावलीत सुकून जरा घट्ट झालं की आत दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापी मारायची आणि मांडीवर फिरवत पोट वाढवायचं. बाबांच्या आतल्या हाताला बाहेरचा हात न बघता सापडतो. माझे पहिले तीन फुटले. थापी जोरात, गोळा भलतीकडेच. "कोणावर राग काढून राह्यला रे? मातीनं काय केलं तुहं?" शेजारच्या कांताबाईनं कुंपणावरून विचारलं, "लहानूभाऊ, जावई हाये का मजूर?" बाबा म्हणाले, "सध्या त माठफोड्या हाये."

ऐन उन्हाळ्यात घरात मोठा माठ एकही नव्हता. नुसत्या झाकण्या आणि पणत्या. का, ते कांताबाईनंच सांगितलं. आई गेल्यावर थापटायचं काम तू करायचीस. तू नर्सिंगला चंद्रपूरला गेलीस आणि बाबांनी मोठा माठ सोडला, एकट्याला होईना. तुला कळवलं नाही, कारण "कळलं त पोरगी पुस्तकं ठेवून येईन." एवढा मोठा कारागीर, तुझ्या शिक्षणापायी स्वतःचं सगळ्यात चांगलं काम सोडून बसला आणि तुला कधी बोललाही नाही.

काल मी त्यांना विचारलं. घेऊन जातो म्हटलं नाही, द्याल का म्हटलं. बराच वेळ माती मळत राहिले. "तू कॉलेज सोडलं, ते तुहं. तुह्या मांगं ती सोडन, याचं भेव हाये मले." खरं सांगतो, अंगाची आग झाली. थापी फेकून निघणार होतो. पण ते खोटं कुठं बोलत होते? होकार दिला नाहीच. आज सकाळी मात्र चार नवी भांडी थापायला माझ्यापुढं आणून ठेवली. त्यातली दोन अजून शाबूत आहेत.

म्हणून हे पत्र. आपलं पळून जायचं ठरलंय तसं शुक्रवारी बॅग घेऊन बसस्टँडवर येऊ नको. मी येणार नाही. शनिवारी तुझा शेवटचा पेपर आहे हे ठाऊक असूनही पळायला शुक्रवार मीच निवडला होता. मला आणखी एक दिवस धीर धरवत नव्हता, एवढंच त्याचं कारण. बाबांना त्या शुक्रवारचा पत्ता नाही. मला भित्रा म्हण, शिव्या दे, रात्रभर रड. पण शनिवारी पेपर दे.

तुमच्याच अंगणातून, तुझाच,
आदेश