बेगमने पाय चाटले

प्रिय सुमन,

जनावरांच्या दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसलो आहे. आत टेबलावर तुझी बेगम आहे, पायाला सलाईन लावलंय. मांजरीला कधी काय झालं ते लिहून द्या, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ते देऊन आलो. एक कोरा कागद उरला आणि हात काही थांबेना, म्हणून तुलाच लिहून राहिलो. मला भीती वाटून राहिली, सुमन. फार.

माझ्या हातून घोळ झाला. आधी मला शिव्या दे, मग पुढचं वाच.

काल तेराव्या दिवशी तुझी तेरवी झाली. सकाळी माझी मोठी बहीण म्हणाली, सुतकाचं घर आहे, चांगलं धुऊन काढ, पाहुणे येऊन राहिले. मी फिनाईलची अख्खी बाटली ओतली. वास आला म्हणजे स्वच्छ झालं, एवढंच मला ठाऊक.

तू मात्र सहा वर्षं मिठाच्या पाण्यानं फरशी पुसलीस. मी विचारायचो, काऊन वो, आपल्या मुर्री गावात फिनाईल मिळत नाही का? तू सांगायचीस, बेगम पाय चाटते. माझ्या कानात गेलं, डोक्यात गेलंच नाही.

पर्शियन असली तरी बिल्ली ती बिल्लीच, दूध-पोळी टाका, उंदीर धरील, असं मी म्हणायचो. दुधानं तिचं पोट बिघडतं, हे तू किती वेळा सांगितलंस! रोज कंगवा फिरवायचीस, कोमट पाण्याच्या कापसानं डोळे पुसायचीस. चपट्या नाकाची जात आहे, तिला श्वास घ्यायलाच कष्ट पडतात, उन्हात सोडू नका म्हणायचीस. मी हसायचो, बेगमसाहेबांसाठी हुक्का भरू का म्हणून. हसण्यातच सहा वर्षं गेली. आता मी कोणाला विचारू?

तू गेल्यापासून ती खाटेखालून हलली नव्हती. काल ओल्या फरशीवरून निघाली आणि तुला शोधत सगळ्या खोल्या फिरली. मला बरं वाटलं, चला, बाहेर तर आली. मग दारात बसून एकेक पाय चाटू लागली. मी समोर उभा राहून बघत होतो, सुमन!

संध्याकाळी तोंडातून लाळ गळू लागली. मला वाटलं, तुझ्या दुःखानं. आज सकाळी तोंड उघडं टाकून हापू लागली. मला वाटलं, गरमीनं. कूलर लावून दिला. मांजर कुत्र्यासारखं हापत नसते, हापली तर जिवावरचं असतं, हे मला आज कळलं. उठायला गेली तर मागचे पाय लटपटले. तेव्हा कुठं टोपलीत घालून गाडी काढली.

डॉक्टरबाईंनी एकच विचारलं, "घरात फरशी कशानं पुसता?"

मी सांगितलं. त्यांनी तिचे पंजे हुंगून पाहिले. मग म्हणाल्या, मांजरीच्या शरीराला हे विष बाहेर टाकता येत नाही. संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.

आपल्याला पोरंबाळं नाहीत. घरात तुझी वाट पाहणारी तीच उरली. ती गेली तर मी तुझं नाव कोणाजवळ काढू? आणि कशानं गेली असं कोणी विचारलं तर काय सांगू, सुमनच्या तेरवीनं मारली?

आत्ता बाई दार उघडून बोलावून गेल्या. तिला झटके येऊन राहिले. घरचं माणूस जवळ असलं तर ती कमी घाबरेल, म्हणाल्या. माझे पाय हलत नाहीत. तुझ्यापासून कायले लपवू? तुझ्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात नर्सनं मला असंच दारातून बोलावलं होतं. मी चहा घेऊन येतो म्हणालो आणि जिना उतरलो. चहा प्यायचाच नव्हता मला. वर आलो तेव्हा तुझ्या तोंडावर चादर होती. हे कुठं आहेत, असं तू विचारलं असशील ना?

वचन देतो, सुमन. ती वाचो की न वाचो, माझा हात तिच्या डोक्यावर असेल. पुढचं नंतर लिहीन. उठलो बघ.

तुझा भित्रा,
वामन