डाव्या बुटाची चाकं

शनिवार, दि. १२

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. हे पाकीट बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. इथे जो तो घरी फोन करतो. आपल्याला कागद लागतो. पण तुझ्यामुळे माझं अक्षर सुधारलं, हेही खरं.

शेजारीणबाई अजून विचारत असतील की तुमची भिंगरी नक्की खेळते काय, तर सांग त्यांना : हॉकीच, पण पायात एका ओळीत चार चाकांचे बूट, चेंडूऐवजी चपटी पक, आणि अंगावर देशाचा शर्ट. आठ देशांचे संघ आलेत. तुझी लेक काल पहिल्याच सामन्यात दोन गोल मारून आली. आणि तिचा मामा, ज्याने बॅगांची मोडकी चाकं बसवून दुकान उभं केलं, तो आज राष्ट्रीय संघाचा चाकवाला म्हणून गळ्यात बिल्ला घालून फिरतोय. हसू नकोस. बिल्ल्यावर फोटो आहे.

आता कानात सांगायची गोष्ट, म्हणजे तुझ्या बाबतीत कागदावर. चाकं आतल्या अंगाने झिजतात, म्हणून प्रत्येक सामन्यानंतर मी ती काढून उलटी बसवतो आणि खूण म्हणून नेलपॉलिशचे ठिपके लावतो. पहिल्या चाकाला एक, दुसऱ्याला दोन, असे. आज सकाळी बघतो तर भिंगरीच्या डाव्या बुटाचं पुढचं आणि मागचं चाक गायब! त्या जागी माझ्या भंगाराच्या डब्यातली दोन झिजकी चाकं. अशाने बूट होडीसारखा डोलतो. वळायला हलका, पण सरळ धावताना वेग खातो. बाकी कुणाच्या बुटाला हात नाही. फक्त हिच्या. म्हणजे कुणीतरी आपल्या पोरीच्या वाईटावर आहे.

मॅनेजरसाहेब माझ्याशी फार गोड बोलतात, हे मला पहिल्या दिवसापासून खटकतंय. शिवाय समोरच्या संघाचा एक चष्मेवाला मिस्त्री पाना मागायच्या निमित्ताने दोनदा आमच्या खोलीत डोकावून गेला. चाकं मी पुन्हा होती तशी केली आहेत. भिंगरीला बोललो नाही, उगाच घाबरायची.

तू सावध राहा असं लिहिणार होतो, पण तू कशाला? आम्ही राहू. लोभ आहे तेवढा पुरतो, तरी थोडा जास्त पाठव.

तुझा,
धाकट्या

रविवार, दि. १३

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. बिल्ल्यावरचा फोटो तरी डोळे उघडे ठेवून काढलास का?

तुझा संशयी स्वभाव मला नवा नाही. लहानपणी दूध सांडलं की तू आधी मांजराला धरायला धावायचास, आणि आपल्याकडे मांजर नव्हतंच. तरी चाकांच्या बाबतीत तू चुकणार नाहीस. मॅनेजर गोड बोलतो एवढ्यावर त्याला फासावर देऊ नकोस, पण बुटांची खोली कुलपात ठेव.

एक सांगते, तुझ्या कामाचं आहे की नाही ते तूच ठरव. भिंगरीने परवा ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी पाठवून चार बोटं रुंद इलॅस्टिक मागवलं. मैत्रिणीच्या बॅगेला हवंय म्हणे. मी शिवणाच्या पेटीतलं दोन हात कापून पाठवलं. पण पोरीचं पत्र नेहमी चार पानी असतं. या वेळी सहा ओळी, आणि त्यात दोनदा ‘मी मजेत आहे’. एकदाच लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला असता.

आठवतं, तिच्या हातून कप फुटला की बॅटरी घेऊन पलंगाखाली चोर शोधायला सगळ्यांत पुढे तीच असायची?

वेळेवर जेवत जा, लोकांच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. माझी माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
ताई

मंगळवार, दि. १५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चोर सापडला. सगळं ओळीने सांगतो.

रविवारी दुपारी मी त्या डाव्या बुटाच्या बोल्टांना काळी भुकटी चोळून ठेवली. ती एकदा हाताला लागली की दोन दिवस साबणाला दाद देत नाही. सोमवारी सकाळी बघतो तर चाकं पुन्हा बदललेली! लगेच नाश्त्याला जाऊन मी एकेकाचा हात हातात घेऊन शुभेच्छा देत सुटलो. मॅनेजरसाहेबांचा तळवा लोण्यासारखा आणि स्वच्छ. त्यांनी माझी तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. कोचबाईंचा स्वच्छ. चष्मेवाल्या मिस्त्रीचाही, आणि वर त्याने मला स्वतःचा एक सुरेख पाना भेट दिला. माझीच मान खाली गेली. भिंगरीला तेवढी थंडी वाजत होती, हातमोजे घालून बसली होती बिचारी. मी तिच्या अंगावर शाल टाकली आणि पुढच्याचा हात धरला.

आहे की नाही तुझा भाऊ हुशार?

मग आज सकाळी तुझं पत्र आलं. सराव चालू होता, मी कठड्याशी बसून वाचलं. ‘मजेत आहे’ दोनदा, इलॅस्टिक, आणि तो कप. मी डोळे मिटून ऐकलं. बाकीच्या पोरींची चाकं दोन्ही पायांवर सारखी वाजत होती. हिचा उजवा पाय लांब खर्रर्र जायचा आणि डावा तोकडा, लगेच उचललेला. हा आवाज मला पहिल्या दिवसापासून येत होता, ताई. मी तो चाकांच्या नावावर टाकला.

बाजूला घेऊन हातमोजे काढायला लावले. बोटं काळी. गुडघ्याला तुझं इलॅस्टिक करकचून बांधलेलं, आणि आत ही सूज. सरावशिबिरात गुडघा मुरगळला होता. वळताना गुडघ्याला पीळ बसू नये म्हणून तीच झिजकी चाकं लावत होती. युक्ती माझ्याच दुकानात शिकलेली. रडून म्हणाली की उद्या उपांत्य सामना, मग अंतिम, दोनच सामने उरलेत, आठ वर्षं याचसाठी घाम गाळला. कुणाला सांगू नकोस, आईला तर नाहीच.

मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण तू आठवलीस. गिरणीतली मागावरची पाळी जाऊ नये म्हणून तू कानातली कळ सहा महिने लपवलीस, आणि कान गेले ते गेलेच. त्याच पाळ्यांवर मी शिकलो, तुझ्याच खोलीत राहत होतो, आणि लोक ज्याच्या तिखट कानांचं कौतुक करतात त्या मला काही ऐकू आलं नाही.

मी सरळ जाऊन कोचबाईंना सांगितलं. डॉक्टरांनी गुडघा बघून सांगितलं की आणखी एक सामना खेळली असती तर पायच कामातून गेला असता. भिंगरी उद्या बाकावर. मला फितूर म्हणाली. तेव्हापासून बोलत नाही. मी चुकलो असेन तर तू तरी लिही. लोभ राहील ना?

तुझा,
धाकट्या

गुरुवार, दि. १७

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल सामना टीव्हीवर बघितला. एका गोलने गेला. कॅमेरा बाकावर आला तेव्हा भिंगरी तुझ्याकडे पाठ करून बसली होती आणि तू तिचा बूट मांडीवर घेऊन पुसत होतास. शेजारीणबाई रडल्या. मी नाही.

आज सकाळी तिचं पत्र आलं. चार पानं. त्यातली तीन तुला शिव्या द्यायलाच खर्ची पडलीत. वाचून माझा जीव भांड्यात पडला. पोर मूळपदावर आली.

तू विचारतोस, चुकलास का. मागावर असताना माझं दुखणं कुणी असं वर सांगून मला घरी बसवलं असतं, तर मीही वर्षभर त्याचं तोंड पाहिलं नसतं. आणि आज हे पत्र लिहीत बसले नसते, त्याला फोन केला असता.

तुझी,
ताई