चढाच्या माथ्यावर तू

आई, "चढ आला की उतरायचं, सायकललाही दम लागतो," असं तू म्हणायचीस. मे महिन्याच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर वाड्यावाड्यांना यायचे. निळ्या काठाची पांढरी साडी, मागे कॅरियरला दोरीने घट्ट बांधलेला लशींचा डबा, आणि उपकेंद्रापासून शेवटच्या वाडीपर्यंत नुसती चढउतार. सपाटीवर तू मला हँडलमागच्या लहान बैठकीवर बसवायचीस. चढ सुरू झाला की आपण दोघी खाली. पारावरची म्हातारी माणसं तुझी वाटच बघत बसलेली असायची. "काय नर्सबाई, सायकल तुम्हाला नेते का तुम्ही सायकलीला?" "आळीपाळीनं, आबा," तू म्हणायचीस. "सकाळी ती मला, दुपारी मी तिला. संसार असाच असतोय." ते हसायचे आणि तू पुढे निघायचीस. मी करवंदं तोडत मागे राहायचे. वर पोचल्यावर तू एक हात सीटवर ठेवून, पुढच्या वाडीकडे पाठ करून उभी असायचीस आणि दुसऱ्या हाताने मला बोलवायचीस. ये, ये, घाई नाही. तू माझ्यासाठी थांबतेस, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

आता मी राहते तिथे चढच नाही. बहारिन म्हणजे समुद्रात ठेवलेलं ताट. रिफाकडे जमीन थोडी उंचावते, पण गाडीत बसलेल्या माणसाला ते कळतही नाही. चाळिशी उलटल्यावर मी इथे सायकल घेतली. जनाबियात राहणारी माझी एक मैत्रीण आहे, मूळची सावंतवाडीकडची, तिने घ्यायला लावली. उन्हाळ्यात पहाटेच बाहेर पडायचं, ऊन तापायच्या आत घरी यायचं. चढाची सवय व्हावी म्हणून आम्ही अमवाजला जाणाऱ्या पुलावर खालीवर करायचो. पलीकडे उतरायचं, वळायचं, पुन्हा चढायचं. "यल्ला, अजून एकदा," म्हणत तिने मला किती वेळा वर नेलं असेल. एक दिवस पुलावरच पाय टेकून ती म्हणाली, "ह्या पुलार किती वर्सां चढत रवतलव गो? माका खरो डोंगर होयो." तिला सावंतवाडीचे घाट चालले असते, पण तिथले ट्रक आणि तिथले नातेवाईक, दोन्ही नको होते. मग तिने फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ भागातला एक रस्ता शोधून काढला. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघी गेलो.

तुला तो भाग आवडला असता. दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवलेल्या सायकली, एकाच गाडीपुरता अरुंद डांबरी रस्ता, कडेला चेस्टनटची झाडं, तांबड्या-तपकिरी गाई आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा. उतारावर इतकं गार लागायचं की भर उन्हाळ्यात जाकीट घालावं लागे. खाली ओढा, पूल, दगडी घरांचं गाव, आणि गाव संपलं की लगेच पुढचा चढ. आपल्या वाड्यांचीच ठेवण, फक्त माणसं काढून घेतलेली. दुपारी तर गावंच्या गावं बंद. खिडक्यांची झापडं ओढलेली, पावाच्या दुकानाला कुलूप, कुत्रंसुद्धा भुंकत नाही. अशा एका गावात आमचं पाणी संपलं. एक म्हातारी कुठूनशी आली, आमच्या बाटल्यांकडे बघितलं आणि टेकाडावरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. ते कबरस्तान होतं. फुलझाडांना घालायला तिथे नळ असतो आणि लांबवर फिरणारे सायकलवाले त्याच नळावर बाटल्या भरतात, असं आम्ही वाचलं होतं. वाचणं वेगळं. मी नळ सोडला तेव्हा मैत्रीण फाटकाबाहेरूनच ओरडली, "मसणातला पाणी पितलंस तू? आता न्हाल्याशिवाय माझ्या सायकलीक हात लावू नको हां!" थोड्या वेळाने तीही आत आली आणि ओंजळीने प्यायली. तहान कुणाला चुकली आहे?

तिथे कबरींवर लंबगोल फोटो होते. एक बाई तू गेलीस त्या वयाची असावी, म्हणजे आता माझ्यापेक्षा लहान. ओठ मिटलेले, पण आता काहीतरी बोलेल अशी. मला वाटलं, हिला भेटायचं तर हिच्या माणसांना ठिकाण आहे. तुला भेटायचं तर मी कुठे जायचं? तुझी तर राखही नदीतून वाहून गेली. मी भरलेली बाटली तिच्यापाशी उगाच जराशी ओतली आणि निघाले.

गावानंतरचा चढ लांब होता, जंगलातून वळणावळणाने जाणारा. मैत्रीण फोटो काढत मागे राहिली. शेवटच्या वळणावर झाडं संपतात, समोर सरळ रस्ता आहे आणि वर आभाळ. तिथे तू उभी होतीस. एक हात सीटवर, निळा काठ वाऱ्याने हलत. मी डोळे मिटले, उघडले. तू होतीसच, आणि तुझा दुसरा हात मला बोलवत होता. पुढचं मला आठवतं ते गवत. मी रस्त्याकडेला पडले होते, सायकल चरात होती, मैत्रीण माझ्या गालांवर चापट्या मारत होती. "डोळे उघड गो! खलास करतलंस मगे माका!" तिचा आवाज रडका झाला होता. वर खिंडीच्या नावाची आणि उंचीची पाटी होती, एक बाकडं होतं, बाकी काही नव्हतं. एका शेतकऱ्याने आम्हाला सायकलींसकट गाडीत घालून खाली नेलं.

इथे परत आल्यावर मनामाच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टर इजिप्तचे आहेत, शांत बोलतात. माझ्या हृदयाचा स्नायू हवा त्यापेक्षा जाड आहे म्हणाले. गोळ्या दिल्या, चढ बंद केले. मग पेन खाली ठेवून विचारलं, घरात कुणी अचानक गेलं होतं का? मी म्हणाले, आई. कशाने? तोंडावर आलं होतं, ऊन लागलं. आपल्याकडे सगळे तेच म्हणतात, मीही तेच म्हणत आले. पण त्या खुर्चीत बसल्याबसल्या मला तू दिसायला लागलीस. चढाच्या मध्येच तू म्हणायचीस, "थांब, तुझ्या चपलेत खडा गेलाय." मी चप्पल झटकायचे. खडा कधीच नसायचा. तोवर तू मूठ छातीवर दाबून, तोंड फिरवून उभी असायचीस. आणि तू सापडलीस ती वळणावरच्या कठड्याला टेकून बसलेली. सायकल नीट स्टँडवर लावलेली. लशींचा डबा दोरी सोडून झाडाच्या सावलीत ठेवलेला. आई, एवढं सगळं करायला तुला वेळ मिळाला. म्हणजे तुला कळलं होतं. त्या मिनिटात तू डब्याचा विचार केलास. चौदा वर्षांची मी त्या दिवशी घरी होते, माझा विचार केलास का, हे मला कुणीच सांगू शकत नाही.

हे रक्तातून येतं, असं डॉक्टर म्हणाले. तुझ्याकडून माझ्याकडे. म्हणून रविवारी माझ्या लेकीची तपासणी आहे. ती सतरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. "आई, रिलॅक्स. इट्स जस्ट अ स्कॅन," म्हणाली. मग फोनवरून मान वर करून, "डिड आज्जी नो?" मी म्हटलं, "माहीत नाही गं." तिने फोन खाली ठेवला आणि माझ्या मांडीवर पाय टाकून पडून राहिली, लहानपणी पडायची तशी. तिचे पाय लांब झालेत, तुझ्यासारखे. फ्रान्सचे फोटो बघितल्यापासून तिला तिथे जायचंय. "तुला जमलं नाही ना, मी पूर्ण करते," असं मला चिडवते. आज शुक्रवार, सुट्टी. ती पलीकडच्या खोलीत गाणी लावून कपाट आवरते आहे आणि मी हे लिहिते आहे. कुणाच्या पत्त्यावर टाकायचं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी टाकलं नसतं.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, डॉक्टरांना नाही, नवऱ्यालाही नाही. त्या सरळ रस्त्यावर तू दिसलीस तेव्हा मी घाबरले नाही. छातीत धडधडत होतं, कडेने अंधारून येत होतं, आणि मी जोराने पाय मारले. मला तुझ्यापर्यंत यायचं होतं. चौदा वर्षांची मुलगी आईच्या हाकेला धावत यावी तशी मी आले असते, मागे कोण आहे हे न बघता.

माझ्यासाठी थांबायचं तर थांब, मी त्याला काही म्हणत नाही. पण रविवारी काहीही निघो, माझी लेक ज्या चढावर असेल त्या चढावर तू उभी राहू नकोस. सायकल घे आणि तिला न बघताच पुढच्या वळणाआड निघून जा. तू नाही म्हणशील. मागे राहिलेल्या पोराला सोडून पुढे गेलेलं तुला मी कधी पाहिलं नाही, आणि ही तर तुझी नात, तू अजून न पाहिलेली. तरी सांगते. जा, आई.