तो एक दिवस सोडला तर

आबा,

आज कॉलेजात संख्याशास्त्राच्या तासाला ‘रोबस्ट’ शिकवत होते. मुलांना मराठीत काय सांगावं ते सुचेना, आणि तोंडातून तुमचा शब्द गेला, दणकट. तुम्ही तो शेंद्र्याच्या कारखान्यातल्या तुमच्या प्रेस मशिनीला लावायचात, नव्या चपलेला लावायचात, आईलाही लावायचात. कितीही ठोका, मोडत नाही ते दणकट. मी फळ्यावर पाच जणांना कॉलेजला यायला लागलेली मिनिटं लिहिली. वीस, एकवीस, बावीस, तेवीस, आणि गाडी पंक्चर झालेल्या पाचव्याची एकशे ऐंशी. सरासरी काढली तर त्रेपन्नच्या पुढं जाते, एकापायी सगळ्यांचं चित्र बिघडतं. पण आकडे ओळीनं लावून मधला उचलला तर तो बावीसच राहतो. एखादा आकडा पिसाळला तरी जे माप हलत नाही ते दणकट, असं मी म्हटलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पण त्याला तीन तास लागले हे तर खरंय ना?” मी हो म्हणाले, आणि पुढचं उदाहरण विसरूनच गेले.

तो रविवार होता, मी दहावीत होते. आईनं तुम्हाला न विचारता मामाला तुमची मोटारसायकल फर्दापूरला न्यायला दिली होती. तुम्ही रोज मारणारे नव्हतात. मला सायकल शिकवताना मागं पळायचात, आईच्या पाठीला बाम चोळून द्यायचात. त्या दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात येता, आईचं मनगट धरता आणि तिचा तळवा तापल्या तव्यावर दाबून धरता. आई आधी ओरडते, मग डोळे घट्ट मिटून नुसते श्वास घेत राहते. मी तुमचा हात ओढायला धावले, तर तुम्ही कोपरानं मला भिंतीवर आपटलंत, माझा ओठ फाटला. हाताला लागला तो खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. तो मी तुमच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला. तुम्ही खाली कोसळलात, आईचा हात सुटला, आणि तिची कातडी तव्यालाच चिकटून राहिली.

तासाभरानं तुम्ही दोघं औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात एकाच बाकावर बसला होतात. आईनं डॉक्टरांना सांगितलं, वाफ लागली. तुम्ही सांगितलंत, जिन्यावरून पडलो. माझ्या ओठाचं कुणी विचारलंच नाही. परत येताना रिक्षात प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, माझ्याकडं न बघता तुम्ही म्हणालात, “पोरगी लई दणकट निघाली.” तुमच्या आवाजात कौतुक होतं. ते ऐकून रिक्षा थांबवून मी रस्त्याच्या कडेला ओकले. त्यानंतर मरेपर्यंत, नऊ वर्षं, तुम्ही कुणावर हात उचलला नाहीत. आईची दोन बोटं मात्र पुन्हा सरळ झाली नाहीत. भाकरी ती डाव्या हातानं थापायला शिकली.

तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आलेल्या बायकांना ती म्हणाली, “तो एक दिवस सोडला तर माणूस वाईट नव्हता.” मला तिचाच संताप आला होता, मी उठून बाहेर गेले. आज वर्गात कळलं, ती मधला आकडा सांगत होती, आणि तो खोटा नव्हता. पण मला तुम्ही आठवता ते त्या रविवारानंच, आणि स्वतःला जोखायची वेळ आली की तोच रविवार गुपचूप बाजूला काढते.

हे पत्र आईला दाखवणार नाही. तिला अजून वाटतं, मी एकदाच मारलं. दुसरा घाव मी घातला तो तिचा हात सुटल्यावर, तुम्ही फरशीवर पडलेले असताना. तुम्ही ते कुणालाच सांगितलं नाहीत.