लेकीच्या कानात नाव मीच सांगणार

साखरा,
सोमवार, १२ जानेवारी

चि. भागवत,

तुला, पुनमला अन् पाळण्यातल्या नव्या लेकीला अक्काचे आशीर्वाद. आमी बरे हाओत. हरभऱ्याला घाटे धरले. झालं, खुशाली संपली.

फोनवर माझा आवाज गेंगाणा येतो, तू ‘कळून न्हाई राहिलं’ म्हणून ठेवतोस. म्हणून जीपवाल्या नरसिंगच्या हाती चिठ्ठी धाडून राहिले. आता कळतंय ना?

शुक्रवारी बारसं, अन् सख्ख्या आत्याला तुझा निरोप काय? ‘ये, पन पाळण्यापसून लांब बस. नाव पुनमची बहीण ठेवील.’ काहून रे? आत्या मेली का?

माझ्या नाकातून रक्त यायचं म्हणून तुमच्या गोरेगावात कोणी कॅन्सर म्हणतं, कोणी महारोग. नांदेडच्या डॉक्टरीणबाईनं नाकातला तुकडा काढून तपासला. अमायलॉइड म्हणतात त्याला. अंगातलंच प्रोटीन बिघडतं अन् दुधाच्या पातेल्याला खरवड धरावी तसं नाकात, गालाच्या पोकळीत चिकटून बसतं. कॅन्सर न्हाई. कोणाला लागत न्हाई. रक्त, लघवी, काळीज समदं तपासलं, दुसरीकडं कुठं न्हाई.

प्रोटीन ऐकून तुझ्या दाजीनं माझी डाळच बंद केली! बाईला इचारलं तर हसली. म्हणली, “डाळीचा काही संबंध नाही, पोटभर खा.” घरी आले अन् आधी वरण टाकलं. ते करपलं. धूर पाहून दाजी आंगणातून पळत आले. मी चुलीपाशीच बसले व्हते.

जेवढं निघालं तेवढं आपरेशननं खरवडून काढलं, रक्त थांबलं. परत धरू शकतं म्हणली. धरू दे. परत काढीन.

नाकाला वास यायचा गेला, तो मातर परतला न्हाई. दाजीला वाटतं, वरण करपलं तवा माझं ध्यान नव्हतं. तसंच वाटू दे, त्यांना सांगू नको. लेकीच्या टाळूचा वास मला येणार न्हाई, ठाऊक हाय. तरी टाळूला नाक लावणार.

शुक्रवारी पयल्या जीपनं येते. तुझ्या थोरल्या हरीशच्या बारशाच्या येळंला पाठीत बुक्के खाऊन कानात कुर्र केलं व्हतं, आताबी करीन. नाव मी ठरवलंय. पाळण्यापाशी येऊ दिलं न्हाई, तर तुझ्या ओट्यावर उभी राहून वरडीन. मग लेकीचं नाव समद्या गोरेगावाला आधी कळंल, तिला मागून. बघ, कसं पायजे ते.

तुझी अक्का, अन् तिची एकुलती एक आत्या,
द्वारका